गिरणीच्या दगडाला घाम का फुटतो

पिठाच्या गिरणीतला दगड खाणीतून निघत नाही, तो ओतावा लागतो. डबा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या कित्येकांना हे ठाऊक नसतं. घरच्या जात्याचा दगड आपल्या काळ्या बेसाल्टचा, पाथरवटाने घडवलेला. विजेच्या गिरणीचा दगड एमरीचा, म्हणजे कुरुंदाची बारीक-जाड खडी आणि ती धरून ठेवणारं मॅग्नेशियमचं सिमेंट. लातूरला माझ्या मामांचा हे दगड ओतण्याचा छोटा कारखाना आहे. बीएस्सी केमिस्ट्री झाल्यावर मी तिथे हिशेब बघायला म्हणून गेले आणि बघता बघता मालाची तपासणी माझ्या गळ्यात पडली. ती का पडली, त्याची ही हकीकत.

या सिमेंटची कृती ऐकायला सोपी आहे. भाजलेल्या मॅग्नेसाइटची पांढरी पावडर, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड, एमरीच्या दाण्यांत कोरडीच कालवायची. मॅग्नेशियम क्लोराइड पाण्यात विरघळवून ते पाणी त्यात घालायचं, लोखंडी साच्यात ठासून भरायचं आणि दुसऱ्या दिवशी साचा सोडायचा. स्टॅनिस्लास सोरेल या फ्रेंच माणसाने १८६७ मध्ये हे सिमेंट शोधलं, म्हणून त्याला सोरेल सिमेंटही म्हणतात. बांधकामाच्या नेहमीच्या पोर्टलंड सिमेंटसारखं याला पाण्यात भिजवत ठेवायचं नसतं, उलट पाणी हाच याचा वैरी. आत सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंतत जातात. त्यांचा रेणूंचा हिशेब पाचास एकास आठ: पाच मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, एक मॅग्नेशियम क्लोराइड, आठ पाणी. स्फटिक नीट जुळले तर दगड इतका कडक होतो की टाकी लावताना, म्हणजे छिन्नीने टोचताना, ठिणग्या उडतात.

जुळले नाहीत तर गिरणीवाला दारात येतो. त्या वर्षी पावसाळा लागला आणि एकापाठोपाठ एक यायला लागले. औसा रोडचा एक जण दगडाचा जोड टेम्पोतून उतरवत म्हणाला, "ताई, बायका आता पीठ घरी नेत न्हाईत, हितंच चिमूटभर दाताखाली धरून बगायल्यात. मालदांडीची भाकर अन् तीत कच! मी काय तोंड दाखवू?" ज्वारीच्या मुलखात पिठात कच लागणं म्हणजे गिरणीची अब्रू जाणंच. दुसऱ्याच्या दगडावर पांढरी बुरशी आल्यासारखी पूड चढली होती. तिसऱ्याचा दगड ओला. पुसून कोरडा केला तरी सकाळी पुन्हा थेंब, खालच्या लोखंडी पट्टीवरून तांबडे ओघळ.

मामांनी तिन्ही दगड एका ओळीत लावले आणि "माल बिघडला" एवढंच म्हणाले. मला मात्र तिथेच शंका आली. कच, पूड आणि ओल ही तीन वेगळी दुखणी दिसत होती, आणि तिन्ही दगड वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या लॉटमधून ओतलेले होते.

पहिला संशय अर्थातच बोअरच्या पाण्यावर. लातुरात काहीही बिघडलं की बोअरचं पाणी. केस गळाले तरी तेच. पण जरा आकडे मांडून बघा. आमचं पाणी जड आहे, अगदी लिटरमागे २ ग्रॅम क्षार धरले तरी चालेल. क्लोराइडचं द्रावण आम्ही हायड्रोमीटरवर २४ डिग्री बोमेचं (बोमे हे द्रावणाच्या घनतेचं माप) करतो, त्यात लिटरमागे अडीचशे ग्रॅमच्या वर मॅग्नेशियम क्लोराइड असतं. त्या दोन ग्रॅमनी दगड फुटायचा असता तर मराठवाड्यात एकही दगड टिकला नसता. पाण्याला मी त्याच दिवशी सोडून दिलं. मामांनी मात्र पुढचे कित्येक दिवस आरओच्या पाण्याचे जार मागवले.

दुसरा संशय चाचांच्या हातावर. चाचा आमचे दगड ओतणारे, मामांच्याही आधीपासूनचे. त्यांना कुणी काही म्हणालं नाही, पण त्यांना कळलं. ते उठले, क्लोराइडच्या गोणीतली एक पापडी जिभेला लावली आणि थुंकले. "बेटा, ये देख. हे कडू पायजे. हे खारट लागतंय."

मीही चाखलं. आधी मिठाचा खारटपणा, मग मागून कडवटपणा. मॅग्नेशियम क्लोराइड कडूजहर असतं. आपल्याकडे ते बहुतेक गुजरातेतून येतं. कच्छच्या लहान रणात, खाराघोड्याच्या बाजूला मीठ पिकवल्यावर जे उरलेलं दाट पाणी राहतं, त्यातून ते काढतात. त्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइडच्या जोडीला साधं मीठ, पोटॅशियम क्लोराइड, सल्फेट असा सगळा गोतावळा असतो. नीट काढलं नाही की तो गोतावळा गोणीत येतो.

इथे आमच्या हायड्रोमीटरचं खरं रूप कळलं. बादलीत काचेची नळी सोडायची, ती २४ वर तरंगली की द्रावण तयार, असं सगळेच करतात. पण ती नळी फक्त घनता मोजते. पाणी जड कशाने झालं, मॅग्नेशियमने की मिठाने, हे तिला कळायचं काही कारण नाही. मिठाच्या भेसळीचं द्रावणही ऐटीत २४ दाखवतं, आणि ओतणाऱ्याला वाटतं क्लोराइड पुरेसं आहे. प्रत्यक्षात सिमेंटला लागणारं क्लोराइड कमी पडलेलं असतं आणि मीठ तर त्या सुयांमध्ये कुठे बसतच नाही. ते मोकळं राहतं, दगड वाळताना पाण्याबरोबर वर येतं आणि पृष्ठभागावर फुलतं. त्या पांढऱ्या दगडावरची पूड मी पातीने खरवडून भिंगाखाली धरली तेव्हा छोटे छोटे चौकोनी खडे दिसले. मिठाचे असतात तसेच. गॅसच्या ज्योतीत चिमूट टाकली तर ज्योत पिवळीधमक. एक तक्रार तिथे मिटली.

खात्रीसाठी माझ्या जुन्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेले. पाण्याचा जडपणा काढायला बीएस्सीत जे ईडीटीएचं टायट्रेशन करतात, तेच क्लोराइडवर केलं की मॅग्नेशियम किती ते निघतं. शुद्ध पापडीत सहा रेणू पाणी धरून मॅग्नेशियम क्लोराइड ४७ टक्क्यांच्या आसपास भरायला हवं. आमचं बरंच खाली होतं. बेरियम क्लोराइडचे थेंब टाकले तर पांढरा साकाही बसला, म्हणजे सल्फेटही होतं. सल्फेट मीठाइतकं निरुपद्रवी नाही. ते ऑक्साइडशी स्वतःचं वेगळं सिमेंट जमवायला बघतं, जे या सिमेंटपेक्षा कमजोर असतं. पण आमच्या गोणीत त्याचं प्रमाण थोडं होतं, म्हणून त्याच्या मागे फार लागले नाही.

खरा चकवा ओल्या दगडाने दिला.

दगडाला ओल सुटते तेव्हा सगळेजण एकच सांगतात: क्लोराइड जास्त झालं. ते खोटं नाही. जादा क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं आणि पाझरतं. पण आमच्या वहीत त्या लॉटचं प्रमाण नेहमीचंच होतं आणि त्या महिन्याचं क्लोराइड चांगल्या गाडीचं, कडू चवीचं. मग मी तो घाम गोळा करायचं ठरवलं. दगडाच्या खालच्या कडेला काचेची वाटी लावून रात्रभर ठेवली. सकाळी तळाला तेलासारखं चिकट पाणी जमलं होतं, बोटाला लागलं की लवकर वाळत नाही असं. त्यात नवसागर टाकून, अमोनिया घालून, अमोनियम ऑक्झॅलेटचे थेंब सोडले. दुधासारखं गढूळ झालं. नवसागरामुळे मॅग्नेशियम या कसोटीत खाली बसत नाही, बसतो तो कॅल्शियम. म्हणजे हा घाम मॅग्नेशियम क्लोराइडचा एकट्याचा नव्हता, त्यात कॅल्शियम क्लोराइड होतं. आम्ही तर ते कधी घातलंच नव्हतं! क्लोराइडच्या पापडीवर तीच कसोटी केली, ती स्वच्छ निघाली. उरली मॅग्नेसाइटची पावडर.

मॅग्नेसाइटच्या खाणी आपल्याकडे दोन बाजूंना नावाजलेल्या आहेत. तमिळनाडूत सेलमच्या खडूच्या टेकड्या आणि उत्तराखंडात अल्मोडा-पिथोरागडची बाजू. सेलमच्या दगडात चुना आणि लोह कमी, सिलिका जास्त. उत्तराखंडच्या दगडाशेजारी डोलोमाइट असतो, त्यामुळे त्यात चुन्याची आणि लोहाची बाधा अधिक. आमची नेहमीची पावडर सेलमची. मधल्या काळात एका व्यापाऱ्याने किलोमागे स्वस्त पडणारी पावडर दिली होती. गोणीवर टक्केवारी जवळपास तीच, रंग किंचित पिवळसर. सोबत रिपोर्टही होता, त्यात कॅल्शियम ऑक्साइड चार टक्क्यांच्या घरात.

चार टक्के म्हणजे काय, हे मी वहीत मांडून बघितलं. कळीचा चुना पाण्याशी मिळून निवलेला चुना होतो, आणि तो मॅग्नेशियम क्लोराइडवर तुटून पडतो. त्यातून मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा मऊ गाळ आणि कॅल्शियम क्लोराइड तयार होतं. ५६ ग्रॅम चुना ९५ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड संपवतो. पापडीच्या भाषेत सांगायचं तर १०० किलो पावडरीत ३ किलो मोकळा चुना असला, तर सुमारे ११ किलो पापडी त्याच्या पोटात जाते. सिमेंटच्या वाट्याचं क्लोराइड गेलं ते गेलंच, वर जे कॅल्शियम क्लोराइड उरतं ते हवेतलं पाणी ओढण्यात मॅग्नेशियम क्लोराइडच्याही पुढे. म्हणजे दगड कमजोरही होतो आणि ओलाही. शिवाय चुन्याचे काही कण जास्त भाजलेले असले तर ते लगेच निवत नाहीत. दगड गिरणीत बसल्यावर, आठवड्या-महिन्याने आतल्या आत फुगतात आणि केसासारखे तडे जातात. फिरत्या दगडाला तडा म्हणजे काय, ते गिरणीवाल्याला सांगावं लागत नाही.

इथपर्यंत आल्यावर मी मामांना ऐटीत सांगितलं की चुना सापडला. मग त्यांनी एक जुना लॉट आठवला: त्यातही चुना इतकाच लिहिला होता, तरी दगड उत्तम निघाले होते. त्या पावडरीचा नमुना डब्यात ठेवलेला होताच, मामा काही फेकत नाहीत. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. आकडे खरंच सारखे.

उत्तर मिळालं साखर कारखान्यात. माझा मावसभाऊ जवळच्या एका कारखान्यात लॅब केमिस्ट आहे. उसाचा रस साफ करायला चुना लागतो आणि आलेला चुना किती कामाचा, हे ते साखरेच्या पाण्याने तपासतात. मोकळा चुना साध्या पाण्यात फारसा विरघळत नाही, साखरेच्या पाण्यात झटकन विरघळतो. चुनखडी, म्हणजे न भाजलेला चुना, मात्र तशीच राहते. गळीत हंगाम संपला होता, लॅब मोकळी होती. आम्ही दोन्ही पावडरी वेगवेगळ्या बाटल्यांत साखरेच्या पाण्यात घालून खूप वेळ हलवल्या, गाळल्या, फिनॉल्फ्थॅलिन टाकलं. ते अल्कलीत गुलाबी होतं, आम्लात रंगहीन. मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइडही, थोडा गुलाबी रंग देतो, म्हणून सेलमची चांगली पावडर तुलनेला ठेवली होती. जुन्या लॉटचं पाणी सेलमच्या पाण्यासारखंच फिकं निघालं, आम्लाच्या चार थेंबांत रंग गेला. नव्या लॉटचं पाणी जांभळट-गुलाबी, आणि ब्युरेटमधलं आम्ल उतरतच होतं. मावसभाऊ म्हणाला, "अगं, हा आमच्या रसाला चालेल की!"

भेद भट्टीचा होता. मॅग्नेसाइट कमी आचेवर भाजलं जातं, त्यातला मॅग्नेशियमला धरून असलेला कर्ब वायू (कार्बन डायऑक्साइड) आधी सुटतो. चुनखडीचा सुटायला आणखी ताप लागतो. आच बेताची राखली तर मॅग्नेशिया तयार होतो आणि शेजारची चुनखडी चुनखडीच राहते. ती दगडात निवांत पडून राहते, काही बिघडवत नाही. आच वाढली की तीच चुनखडी जळून मोकळा चुना होते. प्रयोगशाळेचा रिपोर्ट मात्र दोघांनाही कॅल्शियम ऑक्साइड म्हणूनच लिहितो, कारण तो मूलद्रव्य मोजून ऑक्साइडच्या नावाने मांडतो. खाणीत काय होतं ते रिपोर्टवर येतं, भट्टीत त्याचं काय झालं ते येत नाही. माझ्या मते या धंद्यातली निम्मी भांडणं या एका रकान्यामुळे होतात.

सिलिकाला लोक उगाच घाबरतात, हेही त्यानिमित्ताने कळलं. सिलिका या सिमेंटमध्ये न बोलावलेल्या पण गरीब पाहुण्यासारखी असते: जागा अडवते, भांडत नाही. जिथे आम्ही स्वतःच गोणीभर एमरी घालतो तिथे तिचं काय मनावर घ्यायचं? लोहाने रंग बदलतो, इतकंच. घात करतो तो चुना.

राहिला कच लागणारा दगड. त्याची पावडर सेलमची, क्लोराइड कडू, चुना नाही. तरी नखाने कड कुरतडावी तर दाणे सुटत होते. इथेही भट्टीच. मॅग्नेशिया सातशे-आठशे अंशांच्या आसपास भाजला तर तरतरीत राहतो. १५०० च्या वर गेला तर भट्टीच्या विटा करायला उत्तम, पण क्लोराइडशी बोलायला तयार नसतो. मधल्या तापाचा असला तर अर्धा काम करतो, अर्धा नुसता पडून राहतो. दोन्हीकडे मॅग्नेशियम ऑक्साइडची टक्केवारी तीच. उलट बाजूने, पावडर जुनी झाली, गोण्या पावसाळ्यात उघड्या राहिल्या, तर ती हवेतलं पाणी आणि कर्ब वायू घेऊन आधीच निवते. तीही निकामी.

हे ओळखायची कसोटी किराणा दुकानात मिळणाऱ्या लिंबूसत्त्वाची. ठरावीक ताकदीच्या सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलिन घालून ठेवायचं, त्यात मोजून पावडर टाकायची आणि घड्याळ बघत ढवळायचं. तरतरीत पावडर आम्ल झटकन संपवते आणि पाणी एकदम गुलाबी होतं. मेलेली पावडर मिनिटंच्या मिनिटं ढवळायला लावते. त्या लॉटची पावडर टाकून मी ढवळत राहिले, चाचांचा चहा पिऊन झाला तरी पाणी पांढरंच. तापमान मात्र दर वेळी तेच हवं. मे महिन्यातल्या ४२ अंशांत आणि डिसेंबरच्या सकाळी एकच पावडर वेगवेगळी वागते.

यात एक वाकडी गंमत आहे. पावडर सुस्त असली की क्लोराइडला जोडीदार मिळत नाही, ते मोकळं राहतं आणि पावसाळ्यात पाझरतं. म्हणजे सुस्त पावडरीचाही दगड ओला आणि चुन्याच्या पावडरीचाही ओला. वरून बघून फरक कळत नाही. पाझरणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आहे का, हे बघितल्याशिवाय चोर सापडत नाही. आमच्याकडे हा प्रश्न दगडापुरता होता. डेन्मार्कमध्ये २०१० नंतरच्या वर्षांत इमारतींच्या बाहेरच्या भिंतींत याच जातीच्या सिमेंटचे बोर्ड मोठ्या प्रमाणावर बसवले गेले. दमट हवेत ते पाझरले, खारं पाणी खाली उतरून खिळे-स्क्रू गंजले, लाकूड भिजलं, आणि पुढे घरोघरी ते उतरवावे लागले.

काही जण द्रावणात थोडं फॉस्फोरिक ॲसिड घालतात. त्याने पाण्यापुढे टिकण्याची ताकद वाढते, हे खरं आहे आणि आम्हीही चांगल्या मालात घालतो. पण चुन्याच्या पावडरीच्या वड्यांना त्याचा उपयोग झाला नाही. मी प्रत्येक लॉटच्या छोट्या वड्या ओतून, पूर्ण वाळल्यावर, तळाला पाणी घातलेल्या झाकणाच्या पिंपात जाळीवर टांगल्या होत्या. चुन्याच्या वड्यांवर दुसऱ्याच दिवशी थेंब. ॲसिड घातलेल्यांवरही थेंब, जरा उशिरा, एवढाच फरक. क्लोराइड वाढवून घालावं असाही सल्ला एकाने दिला. त्याने ताकद थोडी परत येते, पण कॅल्शियम क्लोराइड जिथल्या तिथेच राहतं, वर आणखी भर.

मग व्यापाऱ्याशी बोलणं. मामांनी फोन लावला आणि मला दिला. पलीकडून एकच वाक्य: "रिपोर्ट दिलाय ना ताई तुम्हाला, ऑक्साइड बरोबर आहे का नाही?" बरोबरच होतं. भारतीय मानक ६५७ मध्ये या सिमेंटच्या मॅग्नेसाइटला आणि क्लोराइडला कसोट्या घालून दिल्यात. ते मानक फरशीसाठीच्या मालाचं आहे, पण दगडाला तेच लागू करायला हरकत नाही, असं मी सांगितलं. तो म्हणाला, फरशीवाले एवढं विचारत नाहीत. शेवटी न फोडलेल्या गोण्या त्याने उचलल्या, फोडलेल्या आमच्या गळ्यात राहिल्या. त्या मामांनी शेडच्या मागे एका कोपऱ्यात रचल्या आणि वर तांबड्या रंगाने फुली मारली.

आता गाडी यायच्या आधी नमुना मागवतो. पावडरीचं साखरेचं पाणी आणि लिंबूसत्त्व, पापडीचं टायट्रेशन, आणि शेवटी पिंपातल्या वड्या. पिंपाला वेळ लागतो, त्यामुळे माल एक गाडी पुढचा घेऊन ठेवावा लागतो आणि पैसा अडकतो. मामांचं यावरून रोज एकदा तरी होतं. सेलमची पावडर महाग पडते म्हणून दगडाच्या जोडीला भाव वाढवला, तर काही गिरणीवाले दुसरीकडे गेले. औसा रोडवाला राहिला. हायड्रोमीटर अजून बादलीतच असतो, पण तो आता नेहमीच्या, तपासलेल्या पापडीसाठी. चाचा नवी गोणी फोडली की आधी पापडी जिभेला लावतात, आणि बहुतेक वेळा माझ्या टायट्रेशनच्या आधी सांगून मोकळे होतात.